कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं का, की ही नसती थेरं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय ४४, चिपळूणला शाळेत शिकवता, दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेषा पडल्यात. पुण्याच्या मैत्रिणीने इंजेक्शन घेतलंय आणि ती म्हणते, "हे सेल्फ-केअर आहे, स्वतःसाठी एवढं तरी कर." नणंद म्हणते, "या वयात कसली थेरं!" डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. तर घ्यावं का?

मी डॉक्टर नाही. पण इंजेक्शन घेतलंय, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी घेतलं नाही. दोन्हीकडचं सांगू शकते.

मी ५१ वर्षांची. वेंगुर्ल्याजवळ आमचा घरगुती उद्योग आहे: सोलं (म्हणजे आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंबापोळी, फणसपोळी. एप्रिल-मे म्हणजे सकाळपासून खळ्यात, घरापुढच्या अंगणात. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत रस, परत ऊन. खळं पांढरंफटक तापलेलं, त्यात डोळे बारीक करून कावळे हाकलायचे. हे पंचवीस वर्षं. कपाळावर माझ्या '११' हा आकडा कोरल्यासारखा दिसायचा. कोणीही भेटलं की विचारायचं, "कोणार रागावलंस गो?" मी कोणावरच रागावलेली नसायची. वय दिसतं याचं मला फारसं काही नव्हतं. चेहरा माझ्याबद्दल खोटं सांगतो, याचा वैताग यायचा. तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते आधी स्वतःशी ठरवा, कारण हे इंजेक्शन एकाच गोष्टीवर चालतं.

ती गोष्ट म्हणजे आठी. आपल्याकडे आठी आणि सुरकुती असे दोन शब्द आहेत हे बरं आहे. आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडा. कपाळ सपाट दिसतंय आणि भुवया आवळल्यावरच रेषा येते, तर ती आठी. काहीही न करता रेषा तिथेच बसलेली असेल, तर तिची सुरकुती झाली. आठी स्नायूची असते, सुरकुती कातडीची. इंजेक्शन स्नायूला ढिला करतं, म्हणून आठी जाते. जुनी सुरकुती थोडी उथळ होते, पुसली जात नाही. गालांवरची उन्हाची जाळी, नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या, गळ्याची सैल कातडी यांच्यासाठी हे औषधच नाही. फिलर ही वेगळी चीज: त्यात जेल भरतात, आणि ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित डोळाही जातो. "बोटॉक्स-फिलर एकत्र पॅकेज" असं कोणी म्हटलं तर ही दोन वेगळी कामं आहेत एवढं लक्षात ठेवा.

सासूबाईंनी मला विचारलं होतं, "ता विष असता ना गो?" हो, विषच आहे. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून जी जीवघेणी विषबाधा होते, त्याच जंतूचं. जर्मनीत १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने (हा गृहस्थ कवीही होता) खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांची वर्णनं लिहून ठेवली. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोटुलस' म्हणतात, नाव तिथूनच आलं. नस स्नायूला निरोप देते तो एका रसायनामार्फत, आणि हे विष ते रसायन नसेतून सुटूच देत नाही. पोटातून अंगभर गेलं तर श्वास बंद पडतो. अगदी किंचित मात्रेत एका छोट्या स्नायूत टोचलं तर तेवढाच स्नायू तीन-चार महिने गप्प बसतो, मग नस सावरते आणि आठी परत येते. गंमत म्हणजे हे औषध आणलं डोळ्यांच्या डॉक्टरांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं, १९८९ साली अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळाली. कॅनडात जीन कॅरथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापणी फडफडण्याच्या आजारावर ते टोचत होत्या. एका बाईने सांगितलं की यामुळे कपाळ छान मोकळं दिसतं. जीन यांचे नवरे कातडीचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी आली.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा मी जाणार होते आमच्या जवळच्या एका पार्लरात. महिन्यातून एकदा बाहेरून 'डॉक्टर' येतात, असं सांगितलं होतं. गेले तर आतल्या खोलीत, फेशियलच्या पलंगाशेजारी, स्टीलच्या ताटलीत चार सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या. बाटली कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "मिक्स करूनच आणलंय." मे महिना, पंखा गरगरतोय आणि हे औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मी सोलाची बरणीसुद्धा लेबल वाचल्याशिवाय विकत नाही. पैसे परत मागितले नाहीत, चप्पल घातली आणि निघाले.

मग गोव्याला गेले. आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना मोठं दुखणं म्हणजे बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, आणि अशी किरकोळ कामं म्हणजे पणजी-म्हापसा. त्वचारोगाची एमडी असलेली बाई. तिने माझ्यासमोर सीलबंद बाटली उघडली, लेबल दाखवलं. गर्भार आहात का, अंगावर पाजता का, स्नायू दुबळे होण्याचा मायस्थेनियासारखा आजार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सध्या कुठलं अँटिबायोटिक घेताय का, हे सगळं विचारलं. (पहिल्या तिन्हींत 'हो' असेल तर घ्यायचं नाही. काही अँटिबायोटिक, जेंटामायसिनसारखी, या औषधाचा जोर वाढवतात.) मग पेन्सिलीने कपाळावर पाच ठिपके काढले आणि म्हणाली, "आठ्या घाला, जोरात." आयुष्यभर आठ्या घालू नको म्हणून बोलणी खाल्ली, आणि इथे पैसे देऊन घालायच्या. पाच टोचण्या, एकूण २० युनिट (युनिट हे या औषधाचं माप). मुंगी चावल्यासारखं. दहा मिनिटांत बाहेर. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. वेंगुर्ल्याच्या एसटीत डुलकी लागून कपाळ खिडकीच्या गजावर आपटू नये म्हणून मी आख्खा प्रवास ताठ बसून केला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवायला लागलं. कावळा सोलांवर उतरला, मी ओरडले आणि कपाळ हललंच नाही. आवाजात राग, चेहरा शांत. मुलगा हसून हसून पडला. दोन आठवड्यांनी सासूबाई म्हणाल्या, "आज बरा दिसतंस, झोप लागली काय?" बस्स. एवढाच फरक, आणि मला तेवढाच हवा होता. नवऱ्याला कळलंच नाही. सांगितलं तर म्हणाला, "पैसे तुझे, कपाळ तुझा, माका कित्याक विचारतंस?"

दुसऱ्या वेळी, पाच-सहा महिन्यांनी, तीच डॉक्टर, तीच मात्रा, पण आठवड्याभरात डावी पापणी अर्धवट मिटल्यासारखी जड झाली. औषध थोडं खाली सरकलं की असं होतं. डॉक्टरने आधी सांगितलेलं होतं, थेंबही दिले, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत पापणी आपसूक सुधारली. पण मधेच तुळशीचं लग्न येऊन गेलं आणि सगळ्या फोटोंत मी एक डोळा मारतेय. पापणीला धोका नसतो. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर मात्र वाट न बघता तडक हॉस्पिटल, मग भले इंजेक्शन घेऊन दहा दिवस झालेले असोत.

खर्च. डॉक्टर युनिटवर पैसे लावतात. मला एका वेळचे साडेसात हजार पडले. परिणाम टिकवायचा तर वर्षातून तीनदा, म्हणजे साडेबावीस हजार, शिवाय जाण्यायेण्याचे. घेताना ब्रँड विचारा: बोटॉक्स हे एका कंपनीचं नाव, जसं आपण कुठल्याही कॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं झालंय. डिस्पोर्टसारख्या दुसऱ्या ब्रँडचं युनिट वेगळं असतं. बोटॉक्सच्या २० च्या जागी त्याचे ५० लागतात. तेव्हा "आमच्याकडे युनिट स्वस्त" याला भुलू नका.

आता तुमच्या मैत्रिणीच्या शब्दाबद्दल. मला 'सेल्फ-केअर' हा शब्द इथे पटत नाही, आणि नणंदेचा 'थेरं' तर त्याहून नाही. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे: हौस. अबोलीचा वळेसार माळताना कोणी विचारतं का, की ही स्वतःची काळजी आहे का? हौस आहे, माळला. हौसेला कारण द्यावं लागत नाही आणि तिची लाजही बाळगायची नसते. पण हौस एकदा 'काळजी' या नावाने घरात शिरली की ती औषधासारखी होते: चुकवली तर अपराधी वाटायला लागतं, चार महिन्यांनी रेषा परत दिसली की आपणच कुठेतरी कमी पडलो असं वाटतं. माझ्या एका चुलतबहिणीने हप्त्यावर घेतलं. हप्ता संपायच्या आधी आठी परत आली. हौस हौसेच्या पैशातून करावी, बाकी कोणाला काय वाटायचं ते वाटो.

काळजी काय, ते मला फार उशिरा कळलं आणि तेही चुकून. दुसऱ्या इंजेक्शननंतर पापणीची काळजी वाटली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. पापणी राहिली बाजूला, त्याने विचारलं, "चाळिशी कधी लागली?" म्हटलं, लागलेली नाही. त्याने पुठ्ठ्यावरची बारीक अक्षरं वाचायला दिली. मी हात लांब केला आणि कपाळ आवळलं. तो नुसता हसला. लेबलं वाचताना, सुईत दोरा ओवताना, मोबाईल बघताना मी दिवसभर आठ्या घालून बसत होते, आणि खळ्यातल्या उन्हाने त्या पक्क्या केल्या होत्या. जवळचा चष्मा केला, खळ्यात जाताना काळा चष्मा आणि रुंद काठाची टोपी. शेजारणी महिनाभर मला 'मॅडम' म्हणायच्या. सनस्क्रीन लावते, एसपीएफ ३०, दोन बोटांवर मावेल एवढं चेहऱ्याला आणि गळ्याला. आपल्या दमट हवेत ते घामाबरोबर ओघळतं, म्हणून पाण्याने न जाणारं घ्यायचं आणि उन्हात असलं की दर दोन तासांनी परत. आषाढातही, कारण कातडी म्हातारी करणारे किरण ढगातून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात.

सुरकुत्यांसाठी त्या गोव्याच्या डॉक्टरने रात्री लावायला ट्रेटिनॉईन नावाचं मलम दिलं, वाटाण्याएवढं. सुरुवातीला कातडी सोलवटते, फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, आणि गर्भारपणात ते चालत नाही. मेडिकलवाल्याला विचारून 'गोरं करणारी' म्हणून मिळते ती क्रीम मात्र लावू नका. त्यातल्या बऱ्याच क्रीमांत स्टिरॉईड असतं, त्याने कातडी पातळ होते.

तिसऱ्या इंजेक्शनचे पैसे मी ड्रायरच्या हप्त्याला घातले, आता निम्मी सोलं आतच सुकतात. आठ्या आल्यात परत, पण पूर्वीएवढ्या नाहीत. मुलाच्या लग्नाआधी कदाचित पुन्हा घेईनही. बघू.

तुम्ही वह्या तपासताना हात लांब करता का, ते बघा. करत असाल तर आधी चाळिशीचा नंबर काढा आणि महिनाभर वापरून बघा. त्यानंतरही मन होत असेल आणि साडेसात हजार गेल्याचं दुःख होणार नसेल, तर खुशाल घ्या. फक्त पहिलं इंजेक्शन लग्नाच्या आठवड्यात नको. पूर्ण परिणाम यायला दोन आठवडे लागतात, कुठे काळंनिळं झालं किंवा पापणी उतरली तर सावरायला आणखी तीन-चार धरा. दिवाळीच्या सुट्टीत घ्या. आणि पंधरा दिवसांनी दाखवायला परत बोलावतात, तेव्हा कराड-कोल्हापूरकडे जाणार असाल तर कुंभार्ली घाट दोनदा चढायचा आहे, हे धरून चला.