अजून फिल्डवर गेलेच नाही, मग डेटाचं आत्ताच काय लिहू?

पीएचडीवाल्या मुलांचा हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. एथिक्स कमिटी डेटा मॅनेजमेंट प्लॅन मागतेय, म्हणजे गोळा केलेली माहिती कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार याचा आराखडा, पण अजून एक मुलाखत झालेली नाही तर लिहायचं काय? मग बरेच जण सिनियरचा प्लॅन घेतात, नाव बदलतात आणि देऊन टाकतात.

एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. विषय होता बीडकडच्या ऊसतोड बायकांचं आरोग्य. आली तेव्हा रडकुंडीला आलेली, "मॅडम, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, हे माझ्याच्याने होणार नाही." म्हटलं, फॉर्म ठेव बाजूला, पहिली मुलाखत झाली की त्या रात्री तू काय करशील तेवढं सांग. तर म्हणे रेकॉर्डिंग फोनमध्येच राहील, मग व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवेन, ती टाइप करून देणारे. म्हटलं बरं, आणि त्यात काय काय असेल? गर्भाशय काढल्याचं, उचल म्हणजे आगाऊ पैसे किती घेतले ते, टोळीला कामावर नेणाऱ्या मुकादमाचं नाव... आणि बोलता बोलता तीच थांबली. 2019 ला सरकारने या गर्भाशयाच्या प्रकरणांवर समिती नेमली होती, तेव्हापासून बाहेरचं कोणी आलं की बायका जपून बोलतात हे तिलाच माहीत होतं, आणि उद्या ती क्लिप मुकादमापर्यंत गेली तर पुढच्या सीझनला त्या नवरा-बायकोच्या जोडीला काम कोण देणार?

म्हणजे भीती कॉम्प्युटरची नव्हतीच.

मग साध्या मराठीतच लिहायला बसलो. नाव, गाव, फोन नंबर एका वेगळ्या वहीत, वही कपाटात कुलपात. रेकॉर्डिंगच्या फाइलला फक्त कोड आणि तारीख. कॉपी तीन, लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि विद्यापीठाच्या ड्राइव्हवर, तिन्ही उघडून बघितल्याशिवाय फोनमधलं डिलीट करायचं नाही. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या झोपडीवर, रेंज नसते, म्हणून अपलोड तालुक्याला आल्यावर, हेही लिहिलं, कारण जे होणार नाही ते प्लॅनमध्ये लिहून काय उपयोग. मैत्रीण टाइप करणार असेल तर तिच्याकडून गोपनीयतेचं सही केलेलं पत्र, आणि व्हॉट्सॲप बंद.

एक्सेलचंही तिला करून दाखवलं. मुलींचा वयोगट 10-12 टाकला, एंटर मारला, झाला 10 डिसेंबर! हसू नका, याच भानगडीपायी 2020 मध्ये माणसाच्या काही जनुकांची (जीन्सची) अधिकृत नावंच बदलावी लागली, मार्च1 वगैरे नावांची एक्सेल तारीख करून टाकायचं. म्हणून कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम कॉपीवर.

अडलं ते गाइडपाशी. सर म्हणाले, सगळं मला मेल कर, वहीसकट. तिची काय बिशाद नाही म्हणायची! म्हणून प्लॅनमध्येच ओळ टाकली, गाइडना कोडवाल्या ट्रान्स्क्रिप्ट (टाइप केलेल्या मुलाखती) मिळतील, नावांची वही फक्त संशोधिकेकडे. कमिटीने ती ओळ तशीच मंजूर केली, सर जरा कुरकुरले आणि सही केली.