एकटा मोजा

पहिलीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली, तेव्हा रोजच्या व्यवहारातले गणित चित्रांतून दाखवणारे एक पुस्तक तिने सोबत आणले होते. “गणित म्हटलं की ती रडवेली होते, म्हणून मुद्दाम चित्रांचं पुस्तक घेतलं, तर आता हेही पाहिलं की उठून जाते. माझ्यासारखंच तिचंही होणार का?” हा प्रश्न अनेक पालक विचारतात, त्यातले शेवटचे वाक्य मात्र बहुधा जाता जाता, हळू आवाजात येते.

मी दोघींना माझ्यासमोर पुस्तक वाचायला सांगितले. एका पानावर दोरीवर मोजे वाळत घातलेले होते. मुलगी म्हणाली, “याचा जोडीदार कुठे गेला?” आई चटकन म्हणाली, “ते राहू दे, एकूण किती आहेत ते मोज बघू.” मुलीने पुस्तक मिटले.

मुलीने नुकतेच गणितच केले होते, हे आईच्या लक्षात आले नव्हते. एकास एक जोडी लावून उरलेला मोजा हेरणे हे मोजणीच्या मुळाशी असलेले कौशल्य आहे आणि सम-विषम संख्यांची कल्पना पुढे त्यावरच उभी राहते. याउलट, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न मुलांना परीक्षेसारखा वाटतो, मग तो कितीही रंगीत पानावरून विचारलेला असो.

आईच्या भीतीबद्दल मी तिला एका अभ्यासाविषयी सांगितले. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी अभ्यासात पहिलीतल्या ५८७ मुलांचा समावेश होता. पालकांसोबत टॅबलेटवर गणिताच्या छोट्या गोष्टी वाचल्याचा फायदा ज्यांच्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती वाटत होती, त्या मुलांमध्ये विशेष दिसला. (हे ऐकून ती प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसली.)

दोन आठवडे एकही प्रश्न न विचारता वाचायचे, मुलगी जिथे थांबेल तिथे थांबायचे आणि स्वतः मोजताना मोठ्याने मोजायचे, चुकले तर चुकू द्यायचे, एवढेच आम्ही ठरवले. अडचण महिनोन्‌महिने टिकली असती, तर मी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला सांगितले असते. तशी वेळ आली नाही.

पुढच्या भेटीत आईने सांगितले की मोज्यांचे पान रोज उघडले जाते. “हरवलेला सापडला तर किती होतील?” असे मुलीने विचारले, तेव्हा आई म्हणाली होती, “थांब, मलाही मोजावं लागेल.”