वाचकांचे प्रश्न : मोठ्या मापाचा कोट

प्रश्न : मुलीकडे लंडनला गेले होते. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाबाहेर बॅगा घेतलेल्या मुलांचे पुतळे दिसले. ज्यू आईबापांनी हिटलरच्या राज्यातून एकटी पाठवलेली ही मुलं, असं जावयांनी सांगितलं. माझा नातू पाच वर्षांचा आहे. त्या आयांनी काळीज दगडाचं केलं असेल का? पुन्हा भेट नाही, हे त्यांना ठाऊक होतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दगडाचं नका म्हणू. त्यांनी बॅगा कशा भरल्या ते ऐका.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी-ऑस्ट्रियात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहं, पेटवली, ज्यूंची दुकानं फोडली, सुमारे ३०,००० पुरुष छावण्यांत डांबले. नवरा छावणीत, आणि व्हिसा कुणी देईना. ब्रिटनने दार किलकिलं केलं ते सतरा वर्षांखालच्या मुलांपुरतं, आईबाप नकोत. पहिली तुकडी २ डिसेंबरला इंग्लंडच्या हारविच बंदरात उतरली. युद्ध लागेपर्यंत जवळजवळ १०,००० मुलं गेली. सगळ्यांनी मिळून जाऊ म्हणायची सोयच नव्हती.

एक छोटी बॅग, दहा मार्क, गळ्यात नंबराचा बिल्ला. त्या मुलांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी मी बऱ्याच वाचल्या. एक गोष्ट फिरून फिरून भेटते : आयांनी कपडे मापापेक्षा मोठे दिले होते. तोंडाने 'थोडे दिवसच रे, आम्ही आलोच मागून' आणि बॅगेत दोन वर्षांनी अंगाला बसेल असा कोट. मला यात खोटेपणा दिसत नाही. भेट होईल असं वाटत होतं, आणि लांबली तर पोराला थंडी वाजू नये, हेही वाटत होतं. पुढे जिथे लाखो ज्यू मारले गेले, ती ऑशविट्झची छावणीच मुळी १९४० मध्ये उघडली; त्यांना काय ठाऊक असणार?

सगळ्यांना हात सोडवलाही नाही. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात एका बापाने गाडी हलल्यावर मुलीला खिडकीतून परत ओढून घेतलं. पुढे तिच्या नशिबी छळछावण्या आल्या. ती जगली, पण कशी, ते विचारू नका. बालवाडीच्या फाटकाशी बोट न सोडणारे बाप मी नोकरीभर पाहिलेत. या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

मुलंही गप्प बसली नव्हती. इंग्लंडात घरकामाला येणाऱ्यांना परवाना मिळे, म्हणून दहा-बारा वर्षांची पोरं अनोळखी दारं ठोठावत : माझ्या आईला स्वयंपाकाला ठेवाल का? बाबा बागकाम करतील. काहींना यश आलं. १ सप्टेंबर १९३९ ला प्रागहून अडीचशेच्या आसपास मुलांची गाडी सुटायची होती. त्याच दिवशी युद्ध लागलं, ती सुटली नाही.

मग उरले रेडक्रॉसमार्फत येणारे निरोप, जास्तीत जास्त पंचवीस शब्दांचे. पंचवीस शब्दांत आई काय लिहिणार? नीट जेव, अभ्यास कर. १९४१-४२ नंतर 'आम्ही प्रवासाला निघतोय' असं एखादं वाक्य येई, आणि पुढे काहीच नाही.

काही आईबाप वाचले, ताई. १९४५ नंतर भेटीही झाल्या. लेकरू जर्मन विसरलेलं, आईला इंग्रजी येत नाही. शेजारच्या कुणाला तरी दुभाष्या म्हणून बोलवावं लागे.