पेअर शेप बांध्याला नीट बसतील असे चांगल्या दर्जाचे कपडे कोणत्या ब्रँडचे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की कंबर 30 इंच, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) 43, खांदे अरुंद, म्हणजे वर बारीक आणि खाली रुंद असा पेअर शेप. ऑफिसला पँट आणि कुर्ते हवेत आणि एका कपड्यामागे दोन-तीन हजार खर्चायची तयारी आहे. पण मांडीत बसणारी पँट कंबरेत ढगळ होते आणि कंबरेत बसणारी मांडीच्या वर चढतच नाही. माझाही बांधा असाच आहे आणि लेडीज टेलरिंग हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वजन कमी केलं की कपडे बसतील, हा विचार आधी डोक्यातून काढा. तयार पँटमध्ये कंबर आणि सीट यांत साधारण 10 इंचांच्या आसपास फरक धरलेला असतो. तुमच्यात तो 13 आहे. वजन कमी झालं तरी दोन्ही मापं बरोबरीनं उतरतात आणि फरक बराचसा तसाच राहतो. शिवाय आपल्याकडचे बरेच ब्रँड वर्षानुवर्षं ब्रिटन-अमेरिकेचे मापांचे तक्तेच थोडेफार फिरवून वापरत आले आहेत. म्हणून तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या सुमारे 25 हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असा तो बेत. तेव्हा ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभं राहून स्वतःला बोल लावू नका. चूक तक्त्याची आहे.

खरेदीला जाताना ब्रँडच्या आधी एकच विचार करायचा: या कपड्यातला कोणता भाग नंतर दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही? पँटची कंबर सहज आत घेता येते, सीट आणि मांडी मात्र वाढवता येत नाही, कारण तयार कपड्याच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, जेमतेम असतो. म्हणून पँट नेहमी सीटच्या मापानं घ्यायची. कुर्त्याचं बरोबर उलटं. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो घेर) दुरुस्त करणं म्हणजे बाही काढून पुन्हा बसवणं, आणि ते काम क्वचितच साफ होतं. म्हणून कुर्ता खांद्याच्या मापानं घ्यायचा. सीट मोठी म्हणून एक्सएल कुर्ता घेतला की खांदे ओघळतात आणि सगळं शरीरच अवजड दिसतं. असे कुर्ते दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या खूप जणी मी पाहते.

पँटबद्दल जास्त सांगते, कारण त्रास तिथेच जास्त आहे. बसल्यावर मागे कंबरेत जो खड्डा पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा कंबरपट्टी असतं. पट्टी सरळ कापलेली असेल तर ती वरखाली सारखीच मापाची असते, आणि आपल्यासारख्यांची कंबर तर वर जाताना झपाट्यानं निमुळती होते. दुकानातच पँट टेबलावर सपाट पसरून बघा. पट्टी कमानीसारखी वळलेली दिसली तर ती वक्र कापलेली आहे, तीच घ्या. जीन्सला मागे पट्टीखाली इंग्रजी व्हीसारखा जोड असतो, त्याला योक म्हणतात. तो मध्यभागी जितका खोल उतरतो तितका सीटला गोलावा जास्त मिळतो. बाजूचे खिसे उघडे पडत असतील तर सीटला कापड कमी आहे, मग आरशात कितीही छान दिसो, सोडून द्या. कंबर उंच असलेलीच पँट घ्या. कंबरेखाली बसणारी पँट आपल्या बांध्याला सतत घसरते.

ब्रँडमध्ये जीन्ससाठी लीवाईज आधी बघा. 2010 मध्ये त्यांनी ‘कर्व्ह आयडी’ आणली होती. कंबर आणि सीट यांतल्या फरकानुसार तीन वेगळे कट, अशी ती कल्पना होती. आज दुकानात गेलात तर उंच कंबरेचा बूटकट 725 घालून बघा. मांडीखाली एकदम चिंचोळा होत नसल्यानं आपल्याला स्किनीपेक्षा कितीतरी शोभतो. अमेरिकेत बहीण, मैत्रीण कुणी असेल तर तिला ॲबरक्रॉम्बीची ‘कर्व्ह लव्ह’ जीन्स आणायला सांगा. तिच्यात सीट आणि मांडीला दोन इंच जास्तीचे दिलेले असतात, कंबर तेवढीच. नेमकी आपली अडचण. फॉर्मल पँटसाठी मार्क्स अँड स्पेन्सर माझ्या पसंतीचं आहे. सेलमध्ये तुमच्या बजेटात बसेल. रोजच्या कुर्त्याखाली घालायला गो कलर्सच्या पॉन्टे नावाच्या जाड विणीच्या पँट पुरतात. पातळ लेगिंग मात्र ऑफिसला नको.

डेनिम घेताना आतलं लेबल वाचा. 98 टक्के कॉटन आणि 2 टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) हे प्रमाण चांगलं. इलास्टेन त्याहून खूप जास्त असलं की पँट दुकानात अंगाला चिकटून बसते आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यांना पिशव्या येतात. आपल्या जीन्स आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला विरतात, तेव्हा कापड अंगचंच जरा जाड असलेलं बरं. तिथे कापड पातळ होतंय असं दिसलं की भोक पडायची वाट न पाहता आतून ठिगळ लावून घ्या, पँट आणखी बरीच टिकते.

कुर्त्यात साइड कट कुठून सुरू होतो ते बघा. सीटच्या सर्वांत रुंद भागाच्या वरून सुरू झाला तर कापड मोकळं पडतं. त्याच्याखाली सुरू झाला तर ताणतं आणि कट पंख्यासारखा फाकतो. कळ्यांचा किंवा ए-लाइन, म्हणजे खाली रुंद होत जाणारा, कुर्ता असेल तर हा प्रश्नच उरत नाही. सुती कापडासाठी फॅबइंडिया आणि छापील कापडासाठी जयपूरची अनोखी, ही दोन नावं मी डोळे झाकून सांगेन. अंगासरशी, ऑफिसला शोभेल असा कट हवा असेल तर डब्ल्यू हा ब्रँड बघा, पण तिथेही ए-लाइनच. गळ्याशी, खांद्याशी काम किंवा फिका रंग आणि खाली गडद पँट ठेवली की अरुंद खांदे भरल्यासारखे वाटतात.

दुरुस्तीचं थोडंसं. कपडा आधी एकदा धुवा, मग टेलरकडे न्या; सुती कापड आटतं. जीन्सची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून इंच-दीड इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि सीट विचित्र दिसते. फॉर्मल पँट मापानं शिवून घ्यायची असेल तर पुरुषांच्या पँट शिवणाऱ्या चांगल्या टेलरकडे जा. आसन, पट्टी, इस्त्रीची घडी यांवर त्यांचा हात आमच्यापेक्षा जास्त बसलेला असतो.

तुमच्या जागी मी असते तर सगळे पैसे कुर्त्यांवर घालवले नसते. आधी सीटला व्यवस्थित बसणाऱ्या दोन गडद पँट, एक काळी आणि एक नेव्ही, घेऊन त्यांची कंबर दुरुस्त करून घेतली असती. कुर्ते नंतर सावकाश.