वाचकांचे प्रश्न : ओल्या ट्रॅकवरची वेगळी वाट

प्रश्न : डोनिंग्टन येथील 1993 च्या फॉर्म्युला वन शर्यतीत आयर्टन सेन्ना यांनी पहिल्याच फेरीत चार गाड्या मागे टाकल्याचे चित्रण पाहिले. इंजिन कमी ताकदीचे असूनही पावसात हे कसे साधले? आणि हल्ली पाऊस वाढला की शर्यत का थांबवतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोरड्या ट्रॅकवर इंजिनाची जास्तीची ताकद गाडीला पुढे रेटते; ओल्या ट्रॅकवर तीच ताकद चाके नुसती जागच्या जागी फिरवते. त्यामुळे आलँ प्रोस्त व डेमन हिल यांच्या विल्यम्स संघाच्या रेनॉ इंजिनाला सेन्ना यांच्या मॅक्लारेन संघाच्या फोर्ड इंजिनावर एरवी मिळणारी सरशी 11 एप्रिल 1993 रोजी, इंग्लंडमधल्या त्या थंड, पावसाळी दुपारी, बरीचशी निष्प्रभ ठरली. पण एवढ्याने उलगडा होत नाही, कारण पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता.

प्रत्येक वळणावर गाड्या ज्या ठरावीक वाटेने जातात, त्या वाटेवर टायरांचे रबर घासून बसते. कोरड्यात ते पकड वाढवते. पाणी पडले की मात्र तीच वाट गुळगुळीत होते. जूनच्या पहिल्या सरीत आपल्या डांबरी रस्त्यांवर तेल आणि धूळ वर येऊन दुचाक्या घसरतात, तसाच काहीसा हा प्रकार. अशा वेळी जाणता चालक नेहमीची वाट सोडून बाहेरच्या अंगाच्या खरखरीत डांबरावरून गाडी नेतो. क्रेनर कर्व्ह्‌ज या उतारावरच्या वळणांत सेन्ना यांनी कार्ल वेंडलिंगर यांना असेच बाहेरून गाठले. चौथ्या जागेवरून निघालेले सेन्ना सुरुवातीच्या गर्दीत पाचवे झाले होते. त्यानंतर मायकेल शूमाकर, वेंडलिंगर, डेमन हिल आणि अखेर डोनिंग्टनच्याच मेलबर्न हेअरपिन या अतितीव्र वळणावर आलँ प्रोस्त यांना ओलांडून फेरी संपताना ते सर्वांच्या पुढे होते. माझ्या मते या फेरीत धाडसापेक्षा पकड कुठे आहे हे ओळखण्याची जाण अधिक दिसते.

पुढे पाऊस येत-जात राहिला आणि टायर कोणते व केव्हा बदलायचे, यावर शर्यत फिरली. प्रोस्त यांना तब्बल सात वेळा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टायर बदलण्याच्या जागेत, यावे लागले. सेन्ना एकदा पिटमध्ये शिरून न थांबताच बाहेर पडले. तिथला पिटमधला मार्ग जवळचा होता आणि तेव्हा तिथे वेगमर्यादाही नव्हती, त्यामुळे तीच फेरी शर्यतीतली सर्वांत वेगवान ठरली. दुसऱ्या आलेल्या हिल यांच्यापेक्षा ते 1 मिनिट 23 सेकंदांहून अधिक पुढे राहिले, तर तिसरे आलेले प्रोस्त एक फेरी मागे पडले.

आता दुसरा प्रश्न. शर्यत थांबवण्याचे कारण घसरण्याइतकेच दिसण्याशी निगडित आहे. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीच्या माहितीनुसार भर पावसाचा एक टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी बाजूला फेकतो. चार चाकांमागे त्याचा पांढरा पडदा उभा राहतो आणि मागच्या चालकाला पुढच्या गाडीचा लाल दिवाही जेमतेम दिसतो. 2021 मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सेफ्टी कारमागे (सर्वांना संथ वेगात रांगेत ठेवणाऱ्या अधिकृत गाडीमागे) मोजक्या फेऱ्या घेऊन अर्धे गुण दिले गेले, तेव्हा भिजत बसलेल्या प्रेक्षकांची निराशा रास्त होती; तरीही गाड्या मोकळ्या न सोडण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. 5 ऑक्टोबर 2014 रोजी जपानमधील सुझुका येथे ओल्या ट्रॅकवरून घसरलेली चालक ज्यूल बियांकी यांची गाडी, दुसरी अपघातग्रस्त गाडी उचलणाऱ्या क्रेनवर आदळली होती आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.