वाचकांचे प्रश्न : घनमीटर भरले, टक्का का हलत नाही?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या दुसऱ्या स्लॅबला प्रायमाव्हेरा पी६ या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये काँक्रीट ७० घनमीटर आणि सळई ६.३ टन 'मटेरियल' रिसोर्स म्हणून लावली आहे. पर्सेंट कम्प्लीट टाइप 'युनिट्स' ठेवलाय. सळईचे ४.२ टन ॲक्च्युअल (प्रत्यक्ष झालेलं) म्हणून भरले तरी टक्का शून्यच दिसतो. कुठे चुकतंय?
— साइट इंजिनिअर, फोंडा

उत्तर : आकडे नीट भरलेत, टाइप चुकलाय. पी६ चा युनिट्स टक्का फक्त लेबर (मजूर) आणि नॉन-लेबर (यंत्रं) रिसोर्सवरून निघतो. मटेरियल त्या हिशेबात धरलंच जात नाही, मग तुम्ही ४.२ टन भरा की ४२. काहीजण पळवाट म्हणून काँक्रीटलाच नॉन-लेबर करून टाकतात. टक्का हलतो खरा, पण ७० घनमीटर हे ७० तास म्हणून यंत्रांच्या तासांत जाऊन बसतात आणि हिस्टोग्राम (रिसोर्सच्या वापराचा आलेख) कुणाच्याच कामाचा राहत नाही. तो मार्ग नकोच.

टाइप 'फिजिकल' करा आणि ॲक्टिव्हिटीच्या स्टेप्स टॅबमध्ये तीन पायऱ्या घाला : शटरिंग ४८० चौरस मीटर, सळई ६.३ टन, काँक्रीट ७० घनमीटर. मग प्रोजेक्टच्या कॅल्क्युलेशन्स टॅबमध्ये, स्टेप्सवरून टक्का काढण्याचा जो पर्याय आहे त्यावर टिक करा. ही टिक करायची राहून गेली की पायऱ्या कितीही भरा, ॲक्टिव्हिटीचा टक्का जागचा हलत नाही. ॲक्च्युअल स्टार्टची तारीखही आधी द्यावी लागते.

खरा विचार वजनांचा, म्हणजे टक्क्यातल्या प्रत्येक पायरीच्या वाट्याचा, करायचा. टन, घनमीटर आणि चौरस मीटर यांची बेरीज होत नाही, म्हणून वजन मापावरून न देता प्रत्येक पायरीला लागणाऱ्या मजुरीवरून किंवा बीओक्यूतल्या (कामांची मापं आणि दरांची यादी) रकमेवरून द्या. समजा शटरिंग ३५, सळई ३०, काँक्रीट ३५ धरलं. शटरिंग पूर्ण, सळई ६.३ पैकी ४.२ टन म्हणजे ६६.७ टक्के, काँक्रीट शून्य. ३५ अधिक २०, एकूण ५५ टक्के. ही वजनं काम सुरू होण्याआधी ठरवा आणि क्लायंटकडून मान्य करून घ्या. बिलाच्या आदल्या दिवशी बदललेल्या वजनावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता दुसरा खड्डा. फिजिकल टक्क्याचा उरलेल्या मुदतीशी संबंध नसतो. ५५ टक्के दिसले तरी रिमेनिंग ड्युरेशन जुनंच राहतं, ते तुम्हाला हातानं भरावं लागतं. तेही मापावरूनच काढा : उरलेली सळई २.१ टन, तुमची टोळी दिवसाला ०.७ टन बांधते, म्हणजे तीन दिवस. त्यावर ओतकामाचा एक. ४ भरा, डेटा डेट (ज्या तारखेपर्यंतची प्रगती भरली ती) पुढे न्या आणि एफ९ दाबून शेड्यूल करा.

मटेरियल रिसोर्स काढून टाकू नका, मागणी आणि खर्चासाठी तो हवाच. फक्त त्याचा 'ऑटो कम्प्यूट ॲक्च्युअल्स' (झालेलं माप वेळापत्रकावरून आपोआप भरणं) बंद ठेवा. प्रोजेक्टमध्ये ड्युरेशन टक्का बदलला की ॲक्च्युअल युनिट्स पुन्हा मोजण्याचा पर्याय असतो, तोही बंद. हे दोन्ही चालू राहिले तर न ओतलेलं काँक्रीट कागदावर ओतलं जातं.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये चिऱ्यांच्या बांधकामाला ६० घनमीटर दिले होते, मुदत १२ दिवस. काम रखडलं म्हणून मुदत १८ केली तर माप ९० झालं!
— कंत्राटदार, म्हापसा

उत्तर : युनिट्समध्ये तुम्ही बहुधा '५ प्रतिदिन' असा दर दिलाय. दर दिला की मुदतीबरोबर माप वाढतं. नुसता ६० आकडा द्या, माप स्थिर राहील. दर फक्त पाण्याचा पंप चालवायला लागणाऱ्या डिझेलसारख्या गोष्टींना शोभतो.

प्रगतीसाठी इथलं '% कम्प्लीट' वापरू नका, ते मुदतीवरून निघतं. नंबर१ या मोकळ्या रकान्यात ठरलेलं माप, नंबर२ मध्ये झालेलं माप ठेवा, आणि नंबर३ ला सूत्र द्या : नंबर२ भागिले नंबर१ गुणिले १००, नंबर१ शून्य असेल तर शून्य. ती अट विसरलात तर माप नसलेल्या प्रत्येक ओळीत एररची पाटी लागते. नंबर१ आणि नंबर२ ची बेरीज समरी (गटाच्या) ओळीत घ्या, नंबर३ ला तिथेही सूत्रच लावा. पण हे एकाच मापाच्या कामांच्या गटापुरतं. चिरे आणि गिलावा एका समरीखाली असले तर ती बेरीज निरर्थक.

प्रश्न : स्टोअरच्या चलनावरून प्रगती भरली तर चालेल का? रोज मोजमाप घ्यायला माणूस नाही.
— डिचोली

उत्तर : नाही चालणार. माल साइटवर आला म्हणजे काम झालं नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये जागेवर मोजलेलं आणि मोजमाप पुस्तकात चढलेलं माप जावं. चलन ताळमेळासाठी. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरतं, फक्त वार ठरलेला हवा.

चलनाचा आणि मोजमापाचा आकडा जुळला नाही म्हणून लगेच चोरीचा संशय घेऊ नका. सळईचं बीबीएसमधलं (सळई कापण्या-वाकवण्याची यादी) मीटरमागे किलोतलं वजन मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ असं निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची सळई म्हणजे सुमारे १०.७ किलो. पण आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे १० च्या वर ते १६ मिलिमीटरपर्यंतच्या सळईत पाच टक्के कमी-अधिक वजन चालतं. सहा टनांत ३०० किलोचा फरक काटा बिनबोभाट दाखवू शकतो. वाळू ब्रासमध्ये (१०० घनफूट) येत असेल तर घनमीटर करताना २.८३ ने गुणा. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे पावसाळ्यात ट्रकमधलं माप आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर पडणारच. चिऱ्यांची मोडतोड वेगळ्या रकान्यात लिहा. फुटलेला चिरा खर्चात जातो, प्रगतीत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमची ठरलेली मापं दर महिन्याला मागे पडतात. बेसलाइन (तुलनेसाठी जपलेलं मूळ वेळापत्रक) बदलावी का?
— पेडणे

उत्तर : आधी कॅलेंडर पाहा. एकच कॅलेंडर असेल तर सॉफ्टवेअर जुलैतही खोदाईचे घनमीटर मार्चइतकेच वाटून टाकतं. खोदाई, भराव आणि डांबरीकरणासाठी जून ते सप्टेंबर वगळलेलं किंवा कमी दिवसांचं वेगळं कॅलेंडर करा. आतल्या गिलाव्याला आणि टाइल्सना नेहमीचं राहू दे. चवथीच्या सुट्ट्या मात्र दोन्हीत घाला, आणि गावी गेलेले कामगार परतायला लागणारे दिवसही त्यातच धरा. एवढं करूनही मापं मागे राहिली तर बेसलाइन तशीच ठेवा आणि मागे पडलेला आकडा दिसू द्या. पी६ मध्ये दर महिन्याअखेर 'स्टोअर पिरिअड परफॉर्मन्स' (त्या महिन्याचं झालेलं काम वेगळं जपणं) करा, नाहीतर मे महिन्यात किती आणि जूनमध्ये किती झालं हे नंतर वेगळं काढता येत नाही.