पॅराग्लायडरचं कापड फाटलंय, साध्या मशीनवर शिवू की रफू करू?

तुम्ही लिहिलंय की कामशेतला उतरताना पॅराग्लायडरची छत्री बाभळीत अडकली आणि बोटभर फाटली. त्यावर इथल्याच एकाने सांगितलंय, "कुठल्याही टेलरकडून टीप मारून घ्या, रफूबिफूच्या नादी लागू नका." हे वाचल्यावर गप्प बसवेना.

मी सोलापूरची. लग्नाआधीपासून चादरीच्या कारखान्यात रफूचं काम केलंय. मागावरून उतरलेल्या चादरीत कुठे ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची, तार तुटलेली असते, कुठे बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटलेला असतो. चादर उजेडावर धरून ते हेरायचं आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने असं भरायचं, की जेकार्डची नक्षी कुठे तुटलेली दिसता कामा नये. माझ्या दिरांचा युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे. त्यांचं कायम एकच पालुपद: "वहिनी, रफू म्हणजे नुसता देखावा. मजबुती हवी तर मशीनच."

शेजारचा एक मुलगा अशीच फाटलेली छत्री घेऊन आमच्याकडे आला होता. भाऊजींनी लगेच मशीनवर घेतली. पॅन्टच्या कापडाची सुई आणि वर जाड पॉलिस्टरचा दोरा! मी म्हटलं, थांबा, आधी तुकड्यावर करून दाखवा. छत्रीसोबत कंपनीने दुरुस्तीसाठी दिलेला कापडाचा तुकडा मुलाच्या पिशवीत होता. भाऊजींनी त्यावर बारीक टाक्याची टीप मारली. दिसायला झकास. मी तो खिडकीशी धरला, तर टाक्यागणिक भोक आणि भोकातून उजेड. दोन्ही हातांनी ओढल्याबरोबर टपालाच्या तिकिटासारखा टिपेच्या रेषेतच फाटला. या कापडात काही मिलिमीटरवर जे जाड धागे चौकटीने विणलेले असतात ते फाट पुढे सरकू नये म्हणून. सुई त्यांनाच तोडत गेली होती.

मग उरलेल्या तुकड्यावर मी रफू करून पाहिलं. कुठे भरलंय ते शोधूनही सापडत नव्हतं, पण ताण दिला की धागे सरकायचे. सुताला बारीक लव असते, त्यामुळे भरलेला धागा शेजारच्याला धरून बसतो. नायलॉनचा तंतू अखंड, गुळगुळीत, त्याला धरायला काहीच नाही. शिवाय वर कोटिंग असल्याने सुई धाग्यांच्या मधून सरकत नाही, दर वेळी नवं भोक पाडते. मीच त्या मुलाला सांगितलं, यावर रफू चालणार नाही. भाऊजी म्हणाले, "बघा, मान्य केलंत ना!" काय मान्य केलं? कापडात कुठला धागा आहे, तो कसा वागतो हे रफू करणारीला कळतं, म्हणूनच कुठे रफू करू नये हेही तिलाच आधी कळतं. मशीनवर बसणाऱ्याला फक्त फाट दिसते.

तर तुमचं उत्तर. फाट शिवणीपासून लांब, कापडाच्या मध्यावर असेल तर छत्रीच्या कंपनीची चिकटपट्टी लावा. भोवतालची जागा पुसून पूर्ण कोरडी करा. फाटलेल्या कडा एकमेकींना नीट भिडवून घ्या. पट्टीचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा तिथूनच सुटतो. आतून-बाहेरून दोन्हीकडे लावा, एक थोडी मोठी, म्हणजे दोन्हींच्या कडा एकावर एक येणार नाहीत.

शिवण वाईट असं मी म्हणत नाही. सगळी छत्री शिवूनच तयार होते. कानपूरला १९४१ पासून पॅराशूटचा कारखाना आहे, तिथेही मशीनच चालतात. पण सुई, दोरा, इंचाला किती टाके, सगळं ठरलेलं असतं. ठिगळ लावायचं तर त्याचा ताणा मूळ कापडाच्या ताण्याच्याच दिशेने लागतो, नाहीतर हवा भरल्यावर दोन्ही वेगवेगळे ताणले जातात. हे चौकातल्या टेलरला कोण सांगणार?

आणि हो, फाट शिवणीपर्यंत गेली असेल किंवा दोऱ्या जिथे जोडल्यात त्याच्या जवळ असेल, तर पट्टीही लावू नका, सरळ छत्री दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या. राखीव पॅराशूटला तर घरी हातच लावायचा नाही. आणि कापड उन्हाने जुनं झालं असेल तर शेजारी पुन्हा फाटेल, तेव्हा दुरुस्तीसोबत सगळ्या कापडाची तपासणीही करून घ्या. ज्याने तुम्हाला टीप मारायला सांगितलं, त्याला म्हणावं, आधी तुकड्यावर मारून ओढून दाखव.